उष्ण किनाऱ्याची वाइन कशी समजून घ्यायची: कोल्हापूरकरांसाठी मॅक्लारेन व्हेल

ऑस्ट्रेलियाची रेड वाइन म्हणजे जाड, गोडसर आणि पटकन चढणारी, असं मत आपल्याकडे बऱ्याचदा ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उष्ण प्रदेशातल्या द्राक्षात साखर भरपूर भरते, त्यामुळे वाइनला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, आणि अल्कोहोल येणारच. प्रश्न असा की एवढ्या उन्हात वाढलेली एखादी वाइन दुसऱ्या ग्लासालाही हवीशी का वाटते आणि दुसरी एखादी पहिल्याच ग्लासात कंटाळा का आणते? उत्तर बहुतेक वेळा गारव्यात सापडतं. उष्ण किनाऱ्यावर ऊन सगळ्यांनाच मिळतं, गारवा मात्र ज्याला जिथून मिळेल तिथून. तो कुठून आला हे ओळखता येऊ लागलं की निम्मी वाइन समजली.

या लेखासाठी मी मॅक्लारेन व्हेल निवडलं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराच्या दक्षिणेला, गाडीने पाऊण तासावर हा भाग आहे. पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटचं आखात, पूर्वेला माउंट लॉफ्टी डोंगररांग आणि मधल्या उतारावर द्राक्षबागा. याच परिसरात जॉन रेनेल यांनी १८३८ मध्ये पहिल्या वेली लावल्या. एवढ्या छोट्या पट्ट्यात समुद्र, डोंगर, वाळू आणि काळी माती सगळं सापडतं, म्हणून शिकायला याच्याइतका सोयीचा भाग दुसरा नाही असं माझं मत आहे.

पहिली पायरी: डोक्यातलं कोकण बाजूला ठेवा

उष्ण किनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालवण-रत्नागिरी येतं: घामाच्या धारा, दमट हवा आणि जूनपासून कोसळणारा पाऊस. तशा हवेत वाइनचं द्राक्ष बुरशीने जाईल. मॅक्लारेन व्हेलचं हवामान भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांसारखं आहे. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा. वर्षभराचा पाऊस ढोबळमानाने ५०० ते ७०० मिलीमीटर, आणि त्यातला थोडाच वेलीला फळ असताना पडतो. आपल्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पडतो, म्हणजे फरक लक्षात येईल. पाण्याची तिथे एवढी टंचाई की १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲडलेडच्या दक्षिण उपनगरांचं सांडपाणी शुद्ध करून बागांना दिलं जातं.

आता एक गंमत, जी तासगाव-पलूसकडच्या बागायतदाराला चटकन कळेल. आपल्याकडे वेलीची दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी, आणि माल निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मॅक्लारेन व्हेलमध्येही तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. कॅलेंडर एकच, पण दिशा उलटी. आपल्या बागेत द्राक्ष थंडीकडून उन्हाकडे पिकत जातं, कारण फेब्रुवारीनंतर दर आठवड्याला पारा वर सरकतो. तिथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि तोडणीपर्यंत ऋतू शरदाकडे कलतो, रात्री गार होत जातात. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत द्राक्षाला वाट पाहायची मुभा मिळते. नाशिकच्या आणि तिथल्या शिराझमधल्या (गडद रेड वाइनचं द्राक्ष) फरकाचं एक मोठं कारण हेच आहे. शिवाय तिथली वेल हिवाळ्यात पानं गाळून खरोखर झोपते. आपली वेल झोपत नाही, तिला छाटून वळण लावावं लागतं.

दुसरी पायरी: उन्हाचा हिशेब

द्राक्ष पिकताना दोन गोष्टी एकदम घडतात. साखर वाढते आणि आम्ल घटतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. टार्टरिक टिकून राहतं. मॅलिक मात्र उष्णतेत वेलीच्या श्वसनात जळून जातं, आणि जितकं ऊन जास्त तितकं लवकर. म्हणून उष्ण भागातल्या वाइनमध्ये गोडसर फळ भरपूर असतं, पण जिभेच्या कडेने लाळ सोडणारा आंबटपणा कमी पडू शकतो. ऑस्ट्रेलियात वाइन बनवताना वरून टार्टरिक आम्ल घालायला परवानगी आहे आणि ते सर्रास घालतात. त्यात लबाडी काही नाही. पण आंबटपणा वाइनच्या अंगात मुरलेला न वाटता शेवटी वेगळाच टोचला, तर हात जरा जड पडला असं समजावं.

अल्कोहोलचा हिशेबही घरबसल्या करता येतो. ज्याने बागेत रिफ्रॅक्टोमीटर वापरला आहे त्याला ब्रिक्स म्हणजे काय हे सांगायला नको; बाकीच्यांसाठी, ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं माप. तोडणीच्या वेळचा ब्रिक्स ०.५५ ते ०.६ ने गुणला की साधारण अल्कोहोलची टक्केवारी येते. २५ ब्रिक्सला तोडलेलं द्राक्ष म्हणजे चौदाच्या आसपास. बाटलीवर १५ टक्के दिसले तर मालकाने बराच वेळ थांबून, चांगलं पिकू देऊन तोडलं आहे. १३.५ दिसले तर त्याने लवकर तोडलं किंवा बाग गार जागी आहे. दुकानात उभ्या उभ्या, बाटली न उघडता मिळणारी ही सर्वांत खरी माहिती आहे. मागच्या लेबलावरचं कवित्व त्यानंतर वाचावं.

तिसरी पायरी: गारवा शोधा

मॅक्लारेन व्हेलला गारवा तीन वाटांनी येतो, आणि ही पायरी घाईने ओलांडू नका.

पहिली वाट समुद्राची. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि आखाताकडून गार वारा आत शिरतो. जानेवारीचं सरासरी तापमान २१-२२ अंशांच्या आसपास राहतं त्यामागे हा वारा आहे. उष्णतेच्या लाटेत मात्र पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा समुद्रही पुरा पडत नाही. अशा वर्षीच्या वाइनमध्ये मनुक्याचा, मुरांब्याचा वास येतो.

दुसरी वाट डोंगराची. रात्री डोंगरमाथ्यावरची हवा थंड होऊन जड होते आणि दऱ्यांमधून खाली उतरते. तिथले लोक याला दरीचे वारे म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी, विलंगा आणि सेलिक्सकडच्या बागांना याचा लाभ मिळतो. पानं कोरडी राहतात, रोग कमी पडतो, आम्ल टिकतं.

तिसरी वाट उंचीची. किनाऱ्यालगत बाग जवळजवळ समुद्रसपाटीवर, तर ईशान्येला ब्लेविट स्प्रिंग्ज आणि क्लॅरेंडनकडे ती दोनशे-तीनशे मीटर चढते. आकडा लहान वाटेल. कोल्हापूर स्वतःच साडेपाचशे मीटरवर आहे. पण तेवढ्या चढाने तोडणी आठवडा-दोन आठवडे पुढे जाते, आणि वाइनमध्ये तो फरक सहज कळतो.

समुद्राजवळची बाग म्हणून वाइनमध्ये समुद्राचं मीठ उतरतं, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. व्हाइट वाइनमध्ये खारट वाटणारी झाक असते हे खरं, पण ती बहुतेक वेळा आंबटपणा आणि कोरडेपणा यांच्या जोडीतून जाणवते.

चौथी पायरी: माती, पण थोडक्यात

या भागाचे भूगर्भनकाशे फार बारकाईने काढलेले आहेत आणि त्यांत चाळीसहून अधिक प्रकारच्या रचना दाखवतात. काही खडक ५५ कोटी वर्षांहून जुने. सगळं पाठ करायची गरज नाही, दोन टोकं पुरेत.

एक टोक ब्लेविट स्प्रिंग्जची खोल वाळू. पाणी झरझर निघून जातं, वेल जोमाने माजत नाही, आणि वाइन सुगंधी, हलक्या हाताची, बारीक तुरटपणाची होते. दुसरं टोक सखल भागातली काळी चिकणमाती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी मिळालं की फुगते. आपल्या रेगूर जमिनीची आठवण व्हावी अशी. तिथली वाइन भरीव, गडद, जरा ठासून येणारी. मधे चुनखडी, लोहयुक्त खडी वगैरे बरंच काही आहे. ते पुढच्या वर्षी शिका.

पाचवी पायरी: द्राक्षांची ओळख

शिराझ इथलं मुख्य पीक, निम्म्याहून अधिक लागवड तिचीच. वास जांभळाचा, काळ्या बेरींचा, आणि या भागाची खूण म्हणजे डार्क चॉकलेट. तुरटपणा मखमली असतो, बोचत नाही. काळी मिरीही जाणवते, पण इथे एक मेख आहे. मिरीच्या वासामागचं रोटन्डोन हे संयुग ॲडलेडच्याच संशोधकांनी शिराझमध्ये शोधून २००८ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि ते थंड जागी, थंड वर्षी जास्त तयार होतं. म्हणून मॅक्लारेनच्या शिराझमध्ये मिरी ठळक आली तर बाग उंचावरची असावी किंवा ते वर्ष गार गेलं असावं असा अंदाज बांधायला हरकत नाही. जुन्या वेलींचं वैभव बघायचं तर के ब्रदर्स या वाइनरीचा ‘ब्लॉक सिक्स’ आहे, १८९२ ची लागवड. दक्षिण ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड शिरलीच नाही, म्हणून अशा वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

कॅबर्ने सोव्हिन्यों दुसऱ्या क्रमांकावर. चांगली असते, तिला तमालपत्रासारखा वासही येतो, पण ती शिकण्यासाठी इथे यायची गरज नाही.

खरी गोष्ट ग्रेनाशची आहे. स्पेनकडून आलेलं हे द्राक्ष ऊन सोसतं, दुष्काळ सोसतं, आणि साखर इतकी भरतं की पूर्वी त्याचा उपयोग मुख्यतः पोर्टसारख्या गोड, दारू मिसळून कडक केलेल्या वाइनसाठी होई. पुढे ती फॅशन सरली. १९८० च्या दशकाच्या मध्यात द्राक्षाचे भाव पडले, तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वेली उपटायला शेतकऱ्यांना पैसे दिले, आणि त्यात जुनी ग्रेनाश मोठ्या प्रमाणावर गेली. ज्यांनी हट्टाने किंवा आळसाने ठेवली त्यांच्याकडे आज सोनं आहे. यांगारा या वाइनरीची ‘हाय सँड्स’ ग्रेनाश १९४६ साली वाळूत लावलेल्या वेलींची आहे. ठेंगण्या, तारेविना झुडपासारख्या उभ्या वेली, पाणी जवळजवळ नाही.

जुन्या पद्धतीची ग्रेनाश मुरांब्यासारखी गोडसर असे. गेल्या काही वर्षांत तिथले लोक जरा लवकर तोडतात, काही घड देठासकट आंबवतात, नव्या ओकच्या पिंपांऐवजी जुनी मोठी पिंपं किंवा मातीची भांडी वापरतात. परिणामी रंग फिका, वास तुतीचा, डाळिंबाचा, वाळलेल्या गुलाबपाकळीचा, आणि मागे ज्येष्ठमध. रंग फिका म्हणून दुकानात तिला कमी लेखू नका. पैसे एकाच बाटलीचे असतील तर मी ग्रेनाश घ्यायला सांगेन. गारवा कुठून आला हे ती शिराझपेक्षा उघड सांगते, कारण लपायला तिच्याकडे गडद रंग नाही आणि जाड तुरटपणाही नाही.

व्हाइटमध्ये फियानो आणि व्हर्मेंटिनो शोधा. दोन्ही इटलीची, उन्हातही आम्ल धरून ठेवणारी. कोरिओल या वाइनरीने १९८५ मध्ये सांजोव्हेजे लावून अशा इटालियन द्राक्षांची वाट घातली. नेरो दाव्होला हे सिसिलीचं लाल द्राक्षही आता रुळलं आहे. उष्ण प्रदेशाने उष्ण प्रदेशाचीच वेल लावावी, हा शहाणपणा सगळीकडेच जरा उशिरा आला.

सहावी पायरी: लेबल आणि खरेदी

ऑस्ट्रेलियात द्राक्षाचं नाव, प्रदेशाचं नाव किंवा वर्ष लेबलावर घालायचं तर त्या-त्या बाबतीत किमान ८५ टक्के माल तसा असावा लागतो. म्हणून ‘मॅक्लारेन व्हेल’ लिहिलेली आणि ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ लिहिलेली बाटली एकाच फळीवर असली तरी जात एक नाही. दुसरं नाव पाच राज्यांत पसरलेल्या प्रदेशाला कवेत घेणारं आहे. कुठलाही माल कुठूनही आणून मिसळता येतो. रोजच्या प्यायला ती बरी, पण जागा समजून घ्यायला निरुपयोगी. ‘रिझर्व्ह’ किंवा ‘ओल्ड व्हाइन’ या शब्दांना तिथल्या कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. लागवडीचं साल दिलं असेल तर मात्र गांभीर्याने घ्या.

वर्षांबद्दल एवढंच: २०१९ उष्ण, कोरडं, माल कमी. २०२० मध्येही माल कमी. २०२१ दक्षिण ऑस्ट्रेलियात उत्तम मानतात. २०२३ गार आणि उशिराचं. शक्य असेल तर एकाच नावाच्या २०१९ आणि २०२१ च्या बाटल्या शेजारी ठेवून बघा, वरची तिसरी पायरी पुन्हा वाचावी लागणार नाही.

झाकणाकडे बघून नाक मुरडू नका. फिरकीचं झाकण तिथे चांगल्या, महागड्या वाइनलाही असतं. आपल्या उन्हाळ्यात तर ते कॉर्कपेक्षा जास्त भरवशाचं.

भावाबद्दल. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. आयातीचा भाव पाच अमेरिकी डॉलरच्या वर असलेल्या बाटलीवरचं सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून लगेच १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० पर्यंत उतरायचं आहे. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला सुरुवातीलाच ७५, पुढे २५. हा भाव बंदरावरचा, दुकानातला नव्हे, आणि त्यावर राज्याचे कर वेगळे. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: अगदी स्वस्त आयात बाटलीत तुमच्या पैशातला मोठा वाटा कराचाच असतो. मधल्या किमतीची घ्या किंवा सरळ नाशिकची चांगली घ्या.

कोल्हापुरात फळीवर निवड मर्यादित असते. पुण्या-मुंबईहून मागवता येईल का हे परवानाधारक दुकानदाराला विचारा, डॅरेनबर्ग किंवा विरा विरा अशी तिथल्या वाइनरींची नावं सांगितली की काम सोपं होतं. कोणी ऑस्ट्रेलियाहून येत असेल तर दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे दोन बाटल्या निर्धास्त. गोव्यातून गाडीत टाकून आणायचा मोह मात्र टाळा. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि घाटवाटांवर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते.

बाटली घेताना ती उन्हाच्या काचेत उभी होती का ते बघा. झाकणाजवळ चिकट ओघळ असेल किंवा कॉर्क वर उचललं असेल तर वाइन तापली आहे, परत ठेवा. मे महिन्यात डिकीत ठेवून महाद्वार रोडला खरेदीला जाऊ नका. घरी कपाटाच्या सर्वांत खालच्या, आतल्या कोपऱ्यात ठेवा, स्वयंपाकघरात नको.

सातवी पायरी: चाखणं

खोलीच्या तापमानाला रेड प्यावी हा सल्ला थंड देशांतला आहे. आपली खोली एप्रिलमध्ये ३२ अंश असते. त्या तापमानाला १४.५ टक्क्यांची शिराझ नुसती अल्कोहोलसारखी लागते. शिराझ फ्रिजमध्ये ठेवून १६-१८ अंशांना, ग्रेनाश आणखी थोडी गार, फियानो ८-१० अंशांना. कोल्हापुरात रेडबद्दल होणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तिघे-चौघे जमा. दोन बाटल्या घ्या: एक मॅक्लारेनची, एक नाशिकची, दोन्ही शिराझ. तोंडाशी निमुळते होणारे साधे काचेचे ग्लास, एक तृतीयांश भरलेले. आधी वास, न हलवता आणि मग हलवून. फळ ताजं आहे, पिकलेलं आहे, की वाळलेलं? त्यावरून ऊन किती हे कळतं. मग घोट घेऊन तोंडात फिरवा आणि गिळल्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा. लाळ किती सुटली, ते आम्ल. हिरड्या किती ओढल्या गेल्या, तो तुरटपणा. घशात किती गरम लागलं, ते अल्कोहोल. चव आवडली की नाही हे त्यानंतर. पहिल्याच घोटाला ‘लई भारी’ म्हणून मोकळं झालं की पुढचं काही दिसत नाही.

मग वीस मिनिटं ग्लास तसाच ठेवून पुन्हा या. गारव्यात वाढलेली वाइन हवेत उलगडते, सुगंध बदलतो. नुसत्या उन्हावर पोसलेली पहिल्या पाच मिनिटांत सगळं सांगून बसते.

आठवी पायरी: ताटाशेजारी

तांबड्या रश्श्याबरोबर रेड वाइन देऊ नये. तिखटाने पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही आग वाढवतात, आणि फळ पार नाहीसं होतं. फारच हौस असेल तर ग्रेनाशची थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. पांढरा रस्सा मात्र फियानोचा सख्खा मित्र: नारळाचं दूध, काजू-खसखशीचा स्निग्धपणा, मटणाचा अर्क, आणि त्याला कापणारा आंबटपणा. सुक्या मटणात तेल-मसाला भाजलेला असतो, रस्सा नसतो, तिथे शिराझ शोभते. चटणीचा हात एक चमचा कमी ठेवायला घरातल्यांना आधीच विनवावं लागेल. शाकाहारी ताटात आख्खा मसूर आणि ग्रेनाश ही जोडी करून बघा. भरल्या वांग्यातल्या शेंगदाण्याच्या कुटालाही तीच चालते. श्रावणात बाटली तशीच राहणार असेल तर राहू दे, चांगली शिराझ पाच-सात वर्षं सहज थांबते.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. ग्रेनाश दोन दिवसांत संपवा. शिराझ दुसऱ्या दिवशी पुष्कळदा जास्त चांगली लागते, चौथ्या दिवशी मात्र ती रश्श्यात घालायच्या लायकीचीच उरते.